इंजेक्टर खोलण्याआधी: प्रकार ओळखा, दोष पक्का करा, मगच पाना लावा

गाडी मिसिंग करायला लागली, पिकअप गेला किंवा सकाळी सेल्फ लांबायला लागला, की बहुतेकांचं बोट थेट इंजेक्टरकडे, म्हणजे इंधन फवारणाऱ्या नगाकडे जातं. 'चोकअप झालेत, काढून साफ करू.' मग रेल, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणारी नळी उतरते, इंजेक्टर धुऊन परत बसतात आणि मिसिंग जागच्या जागी राहतं. कारण इग्निशन कॉइल (ठिणगीची) गेलेली असते किंवा मॅनिफोल्डजवळचा हवेचा पाइप फाटलेला असतो. शिवाय ओ-रिंग, म्हणजे सील करणारी रबरी कडी, चिरली म्हणून पेट्रोलचा वास सुरू होतो, म्हणजे एकाचे दोन दोष.

याहून मोठा घोळ म्हणजे एका प्रकारची सवय दुसऱ्या प्रकारावर चालवणं. जुन्या डिझेलवर हात बसलेला माणूस कॉमन रेलचा नट चालू इंजिनावर ढिला करायला जातो. पेट्रोलचा साधा इंजेक्टर बॅटरीवर टकटक वाजवून बघणारा तोच प्रयोग डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरवर करतो आणि चांगला नग जाळतो. नाव एकच असलं तरी आतली यंत्रणा वेगळी आहे, आणि प्रत्येकीचे नियमही वेगळे. म्हणून खालचे टप्पे क्रमानेच घ्या. पहिला टप्पा वाचायला लांब वाटेल, पण तो टाळला तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

## टप्पा १: समोर कोणता इंजेक्टर आहे ते ओळखा

सिंगल पॉइंट, म्हणजे थ्रॉटल बॉडीवरचा. जुन्या पेट्रोल गाड्यांत सगळ्या सिलिंडरांना मिळून एकच इंजेक्टर असतो, थ्रॉटलच्या पाकळीच्या वर. प्रेशर साधारण १ बार. एअर फिल्टरचं झाकण काढलं की फवारा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे तपासायला सर्वांत सोपा. याच्याबद्दल एवढं पुरे.

पोर्ट इंजेक्टर. पेट्रोल गाड्यांत सर्वाधिक दिसणारा. इनटेक मॅनिफोल्डच्या टोकाशी, प्रत्येक सिलिंडरला एक. वर बारीक रेल, त्यात साधारण ३ ते ४ बार प्रेशर. इंजेक्टरच्या आत तारेची कॉइल, लोखंडी प्लंजर, त्याला जोडलेली सुई आणि सुईला खाली दाबून धरणारी स्प्रिंग. किल्ली ऑन केली की एका पिनला बॅटरीचे १२ व्होल्ट मिळतात. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, दुसरी पिन अर्थ करतो तेव्हा कॉइल प्लंजर ओढते आणि सुई केसाच्या जाडीइतकी उचलली जाते. अर्थ सुटला की स्प्रिंग सुई परत बसवते. किती पेट्रोल गेलं हे सुई किती वेळ उघडी राहिली यावर ठरतं. आयडलिंगला हा वेळ साधारण २ ते ४ मिलिसेकंद असतो, आणि त्यातला जवळपास १ मिलिसेकंद नुसता उघडण्यात जातो. बॅटरी उतरलेली असेल तर उघडायला आणखी उशीर होतो. म्हणून कमजोर बॅटरीवर घेतलेल्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका.

यातही दोन जाती आहेत. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ११ ते १८ ओहम असलेले, आणि १ ते ५ ओहमवाले. दुसऱ्यांना करंट आवरणारा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ईसीयूतलं इंजेक्टर चालवणारं सर्किट, लागतो. नुसता आकार जुळतो म्हणून कमी ओहमचा इंजेक्टर जास्त ओहमच्या जागी लावला, तर ईसीयूचा ड्रायव्हर जळू शकतो.

डायरेक्ट इंजेक्शन, पेट्रोल. इथे इंजेक्टरचं तोंड थेट सिलिंडरमध्ये असतं. ओळखायचं कसं? जाड स्टीलची रेल, तिला धातूचा पाइप, आणि तो पाइप कॅमशाफ्टवर चालणाऱ्या छोट्या हाय प्रेशर पंपापर्यंत गेलेला. इंजेक्टर बहुधा मॅनिफोल्डखाली दडलेले. प्रेशर ५० ते २०० बार, नव्या इंजिनांत ३५० पर्यंत.

एवढं प्रेशर का, याचा हिशेब करून बघा. ६००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे एक स्ट्रोक ५ मिलिसेकंदांत. पोर्ट इंजेक्टरला दोन फेऱ्यांचे पूर्ण २० मिलिसेकंद मिळतात, कारण तो व्हॉल्व्हच्या बाहेर फवारतो. डायरेक्टवाल्याला मुख्यतः इनटेक स्ट्रोकच्या त्या थोड्या वेळात सगळं आटोपायचं असतं, तेही सिलिंडरच्या दाबाविरुद्ध. सुई पटकन उघडावी म्हणून ईसीयू त्याला सुरुवातीला बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त, साधारण ६५ व्होल्टचा धक्का देतो आणि मग करंट आवरतो. काही इंजिनांत पोर्ट आणि डायरेक्ट दोन्ही असतात. चार सिलिंडर आणि आठ इंजेक्टर दिसले तर दचकू नका.

मेकॅनिकल डिझेल. याला सहसा वायरच नसते. पंपातून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र धातूचा पाइप. पंपाने दाब वाढवला की नोझलमधली सुई स्प्रिंगविरुद्ध उचलली जाते. उघडण्याचा दाब मॉडेलप्रमाणे साधारण १२० ते २५० बार, आणि तो शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, जुळवतात. जास्तीचं डिझेल रिटर्न लाइनने परत.

कॉमन रेल, सोलेनॉइड. सगळ्या इंजेक्टरांना एकाच रेलमधून पाइप, डोक्यावर दोन वायरींचा कपलर आणि बारीक रिटर्न नळी. आयडलिंगला रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार, पूर्ण लोडवर १६०० ते २००० किंवा त्याहून अधिक. एवढ्या दाबाविरुद्ध सुई ओढणं कॉइलला झेपत नाही. म्हणून वरच्या एका छोट्या कप्प्यातलं डिझेल सुईला खाली दाबून धरतं. कॉइल त्या कप्प्याचा इवलासा व्हॉल्व्ह उघडते, वरचा दाब पडतो आणि खालचं प्रेशर सुई उचलतं. कप्प्यातून सुटलेलं डिझेल रिटर्नला जातं. हे नीट लक्षात ठेवा; टप्पा ३ मधली रिटर्नची चाचणी यावरच उभी आहे.

कॉमन रेल, पिझो. बाहेरून वरच्यासारखाच. आत कॉइलऐवजी पिझो चकत्यांची चवड. शंभराहून अधिक व्होल्ट मिळाले की ती मिलिमीटरच्या काही शतांशांनी लांबते आणि व्हॉल्व्ह हलवते. सोलेनॉइडपेक्षा बरीच चपळ.

हे दोन वेगळे ओळखायला पार्ट नंबर पाहणं सर्वांत खात्रीचं. किल्ली बंद करून, थोडा वेळ थांबून, कपलर काढून मल्टिमीटर लावलात तरी कळतं: जवळजवळ शून्य ओहम आला तर सोलेनॉइड, शंभर किलोओहमच्या वर गेला तर पिझो.

> इशारा: पिझो इंजेक्टरचा कपलर चालू इंजिनावर कधीही काढू नका. चकत्यांमधला चार्ज बाहेर पडायला वाट उरत नाही, इंजेक्टर उघडाच राहू शकतो आणि सिलिंडर डिझेलने भरतो. मग इंजिन फुटायला एक फेरा पुरतो.

कॅमशाफ्टच दाब देतो असे युनिट इंजेक्टरही असतात. त्यांत पंप आणि नोझल एकाच नगात असतात. ते काढण्या-बसवण्यात कॅमच्या सेटिंगचा प्रश्न येतो, म्हणून हा लेख त्यांच्यासाठी वापरू नका.

तपासा: प्रकार, पार्ट नंबर आणि ओहम कागदावर लिहिलेत का? नसेल तर इथेच थांबा.

## टप्पा २: तयारी

मांडामांड आधी करा, कारण रेल उतरल्यावर 'अरे, ओ-रिंग आणायच्या राहिल्या' म्हणण्यात अर्थ नसतो. लागणारं सामान:

- त्या इंजेक्टरच्या मापाच्या नव्या ओ-रिंग. पेट्रोलसाठी व्हिटॉन या पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्याच, साध्या रबराच्या पेट्रोलने, त्यातही इथेनॉलमिश्रित पेट्रोलने, फुगतात.
- डायरेक्ट इंजेक्शनला टेफ्लॉन सील आणि ते बसवायची बाही (निमुळती नळी). डिझेलला नवे तांब्याचे वॉशर, आणि कंपनीने एकदाच वापरा म्हटलं असेल तर नवे क्लॅम्प बोल्ट आणि हाय प्रेशर पाइप.
- मल्टिमीटर, स्कॅनर (ईसीयूतले दोषांचे कोड वाचणारा), टॉर्क पाना.
- उघडी भोकं बंद करायला टोप्या. चिंध्या खुपसू नका, धागे आत जातात.
- डोळ्यांना चष्मा, हातमोजे आणि ड्राय पावडरचा अग्निशामक, हाताच्या अंतरावर.

इंजेक्टरभोवतीची माती, वाळू, सुकलेलं तेल आत्ताच साफ करा: ब्रश, मग हवा. नंतर केलंत तर तो कचरा थेट व्हॉल्व्हवर पडतो.

## टप्पा ३: दोष खरंच इंजेक्टरचा आहे का

या टप्प्याला वेळ द्या. पाना अजून पेटीतच असू दे.

पहिलं, स्कॅनरवरचे कोड. पी०२०१ ते पी०२०४ आले तर त्या त्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये, म्हणजे वायर, कपलर, कॉइल किंवा ड्रायव्हरमध्ये दोष आहे. तो धुऊन जात नाही. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या सिलिंडरमध्ये मिसफायर. हा कोड कारण सांगत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आणि त्याला चोकअप इंजेक्टरइतकाच फाटका हवेचा पाइप किंवा थकलेला फ्युएल पंपही जबाबदार असू शकतो. सगळे इंजेक्टर एकाच दिवशी सारखे चोकअप होत नाहीत, त्यामुळे सगळेच सिलिंडर अशक्त वाटत असतील तर आधी पंपाचं प्रेशर गेज लावून मोजा.

दुसरं, आवाज. पोर्ट इंजेक्टरवर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. पंखा आणि बेल्टपासून केस, बाह्या, ओढणी दूर. ८०० आरपीएमला इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा उघडतो. स्वच्छ, कोरडी टिकटिक ऐकू यायला हवी. चारही ऐका आणि एकमेकांशी ताडून पाहा. एखादा बोदा वाजत असेल तर सुई जड झाली असावी. अजिबात आवाज नसेल तर तिसऱ्या पायरीला जा. आवाज बरोबर आला म्हणून फवारा बरोबर आहे असं मात्र धरू नका. तोंडाशी कीट बसलेला इंजेक्टरही छान टिकटिकतो.

तिसरं, वीज. किल्ली ऑन, कपलर काढलेला: एका पिनवर बॅटरीइतके व्होल्ट हवेत. मग कपलरमध्ये एलईडीचा टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारा. लुकलुकला तर ईसीयू हुकूम देतोय. जाड फिलामेंटचा बल्ब लावू नका, तो ड्रायव्हरकडून जास्त करंट खेचतो.

> इशारा: ही एलईडीची चाचणी फक्त सिंगल पॉइंट आणि पोर्ट इंजेक्टरसाठी. डायरेक्ट आणि कॉमन रेलच्या वायरींत ६५ ते दीडशे व्होल्ट खेळतात. तिथे स्कॅनर किंवा ऑसिलोस्कोप.

चौथं, अदलाबदल. समजा मिसफायर दोन नंबरला आहे. आधी इग्निशन कॉइल दोनवरून तीनवर न्या, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. कोड पी०३०३ झाला तर गुन्हेगार कॉइल. दोष दोनवरच राहिला तर स्पार्क प्लग बदलून बघा. काढलेला प्लग बघायला विसरू नका: ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर ठिणगी नाही किंवा इंजेक्टर गळतोय, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्रेशनही मोजून घ्या. एवढं करूनही दोष जागेवरून हलला नाही, तरच इंजेक्टरची अदलाबदल.

गळणाऱ्या इंजेक्टरची खूण वेगळी असते. गरम गाडी पंधरा-वीस मिनिटं थांबवून परत चालू करायला गेलं की सेल्फ लांबतो, आणि चालू झाल्यावर पहिल्या धुराला पेट्रोलचा वास येतो. प्रेशर गेज लावून इंजिन बंद करा. काटा भराभर उतरला तर पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर, बहुधा दोघांपैकी एक.

डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनो, तुमच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. त्यामुळे व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बन साठतो आणि थंड इंजिन थरथरतं. टाकीत टाकायचं क्लीनर तिथपर्यंत पोचत नाही. इंजेक्टर बदलूनही थरथर तशीच राहिली की मग लोकांना हे आठवतं.

कॉमन रेलसाठी रिटर्नची चाचणी. इंजिन बंद असताना प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी काढून त्या जागी पारदर्शक नळ्या लावा, त्या सारख्या मापाच्या बाटल्यांत सोडा, रिटर्न लाइनचं उघडं तोंड बंद करा, आणि दोन-तीन मिनिटं आयडलिंगवर ठेवा. वरच्या कप्प्याचा व्हॉल्व्ह झिजला की डिझेल तिथूनच पळतं. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत चार बोटं, असं चित्र दिसलं की उत्तर मिळालं. गाडी चालूच होत नसेल तर सेल्फ मारतानाही हा फरक दिसतो: एकच इंजेक्टर एवढं सोडतो की रेलचं प्रेशर स्टार्टपुरतंही, म्हणजे साधारण दीडशे-दोनशे बारपर्यंत, चढत नाही. काही पिझो इंजेक्टरांना रिटर्नमध्ये मुद्दाम दाब ठेवावा लागतो. त्यांच्यावर उघड्या बाटलीची ही चाचणी चालत नाही.

> इशारा: मेकॅनिकल डिझेलमध्ये एकेक पाइपचा नट ढिला करून कोणता सिलिंडर मेलाय ते शोधतात, तेही हात दूर ठेवून. कॉमन रेलवर हे कधीच करू नका. हजार बारची धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आतलं मांस मरतं. असं झालं तर मलम लावत बसू नका, तडक रुग्णालयात जा आणि दाबाखालचं डिझेल घुसलंय हे सांगा. गळती शोधायलाही बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा.

## टप्पा ४: प्रेशर उतरवा

पेट्रोल: फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करा, आपोआप बंद पडू द्या. मग दोन-तीन सेकंद सेल्फ. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. हा क्रम उलटा केला तर इंजिन चालवून प्रेशर उतरवायला मार्ग उरत नाही, एवढं साधं आहे. तरी लोक आधी बॅटरीच सोडवतात.

डायरेक्ट आणि कॉमन रेल: बॅटरी सोडवण्याआधी स्कॅनरवर रेलचं प्रेशर बघा. पेट्रोलच्या बंद रेलमध्ये इंजिनाच्या उष्णतेने प्रेशर परत वाढू शकतं, म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. डिझेलला मी निदान दहा मिनिटं थांबतो. पहिला नट चिंधी गुंडाळून हळूच ढिला करायचा.

## टप्पा ५: काढणं

कपलरची तारेची क्लिप किंवा कुलूप दाबून कपलरच ओढा, वायर नाही. जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं. प्रत्येक इंजेक्टरवर मार्करने नंबर टाका. आधी नंबर टाका, मगच रेल उचला.

पोर्टची रेल सगळ्या इंजेक्टरांसकट सरळ वर ओढायची, डावीकडे-उजवीकडे थोडंथोडं हलवत. पेचकसाने उचकटू नका. इंजेक्टर बाहेर आले की लगेच भोकांवर टोप्या लावा.

डायरेक्ट आणि कॉमन रेलचे इंजेक्टर कार्बनने हेडमध्ये घट्ट चिकटतात. रात्रभर भेदक तेल सोडा आणि योग्य पुलर वापरा. वरच्या कॉइलच्या टोपीला पकडून पिळलं तर टोपी हातात येते आणि इंजेक्टर आतच राहतो.

तपासा: जितके इंजेक्टर, तितक्या खालच्या ओ-रिंग किंवा वॉशर हातात आले का? मोजा. याचं कारण टप्पा ७ मध्ये आहे.

## टप्पा ६: साफसफाई, आणि ती कुठे थांबवायची

टाकीत टाकायचं डिटर्जंट क्लीनर हलक्या कीटावर चालतं. गळणारा, जळलेला किंवा झिजलेला इंजेक्टर त्याने सुधारत नाही.

पोर्ट इंजेक्टरसाठी चांगली रीत म्हणजे टेस्ट बेंचवर अल्ट्रासॉनिक टब. इंजेक्टर टबमध्ये असताना तो बेंचच्या ड्रायव्हरवर उघड-मीट करत राहिला पाहिजे. नुसता बुडवून ठेवला तर बाहेरून चकचकीत होतो आणि सुईच्या बैठकीवरचा मळ तसाच राहतो. मग उलट्या दिशेने फ्लश, वरची बारीक जाळी नवी, आणि शेवटी मोजमाप: सगळ्यांना एकाच प्रेशरवर, एकाच वेळेपुरतं चालवून काचेच्या नळ्यांतली पातळी बघायची. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यात ५ टक्क्यांहून अधिक फरक असेल तर तो संच मी बसवत नाही. प्रेशर देऊन बंद ठेवल्यावर मिनिटभरात तोंडाशी थेंब लटकायला नको. साफ करण्याआधीचेही आकडे मागा. नाहीतर खरंच काही फरक पडला का, हे कळणार कसं?

या टप्प्यावरच्या नेहमीच्या चुका:

- तोंडाच्या भोकात तार किंवा पिन घालणं. भोक किंचितही वाकडं झालं तर फवारा कायमचा बिघडतो.
- टबमध्ये पेट्रोल भरणं. यात आग लागते. टबचं द्रावणच वापरा.
- इंजेक्टर थेट १२ व्होल्टवर धरून ठेवणं. जास्त ओहमच्या पोर्ट इंजेक्टरला सेकंदाहून कमी, टक करून सोडून देणं चालतं. कमी ओहमच्या, डायरेक्ट किंवा डिझेलच्या इंजेक्टरला तेही नाही.
- कार्ब क्लीनरचा फवारा आणि बॅटरीच्या वायरची ठिणगी एकाच टेबलावर.

कॉमन रेलचे इंजेक्टर घरी उघडू नका. आतल्या फटी मायक्रोनमध्ये मोजायच्या असतात. ते टेस्ट बेंचचं काम आहे.

## टप्पा ७: बसवणं

इथे माझीच फजिती सांगतो. एका पोर्ट इंजिनाचे चारही इंजेक्टर बेंचवरून आणले, नव्या ओ-रिंग चढवल्या, रेल दाबून बसवली. चालू केलं तर आयडलिंग वर-खाली, वर-खाली. बेंचच्या कागदावर आकडे उत्तम, मग हे काय? दोन तास मी व्हॅक्युमचे पाइप चाचपत होतो. शेवटी रेल परत उतरवली आणि टॉर्च मारली, तेव्हा तीन नंबरच्या भोकात कडेला एक काळी कड चमकली. जुनी ओ-रिंग उष्णतेने कडक होऊन मॅनिफोल्डलाच चिकटून राहिली होती आणि मी नवी तिच्यावर दाबली होती. इंजेक्टर जेमतेम दोन मिलिमीटर वर राहिला होता आणि तिथून हवा आत शिरत होती. काढताना चार मोजल्या असत्या तर तीनच हातात आहेत हे तेव्हाच कळलं असतं.

डिझेलमध्ये हीच चूक तांब्याच्या वॉशरची होते. जुना वॉशर भोकाच्या तळाशी काळा होऊन राहतो, हेडचाच भाग वाटतो. त्यावर नवा टाकला की नोझल वर सरकतं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत नीट पडत नाही. वॉशर काढून बैठक ब्रशने किंवा सीट कटरने साफ करा आणि सुटलेला कार्बन ओढून काढा, सिलिंडरमध्ये लोटू नका.

क्रम असा:

१. प्रत्येक भोकात टॉर्च. तळ स्वच्छ, कडा कोऱ्या.

२. ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट. सिलिकॉन ग्रीस नको, ते ऑक्सिजन सेन्सर बिघडवतं. डायरेक्टवाल्याचं तोंडाकडचं टेफ्लॉन सील कोरडंच बसवायचं: निमुळत्या बाहीवरून खाचेत ढकला, मग मापाच्या बाहीने आवळा. ताणलेलं सील न आवळता घुसवलं तर कापलं जातं. खाचेला पेचकसाचा ओरखडा नको.

३. पोर्टमध्ये इंजेक्टर आधी रेलमध्ये, क्लिप लावा, मग सगळी रेल एकदम मॅनिफोल्डवर. दोन्ही टोकांना सारखा दाब. बसल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी थोडा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर ओ-रिंग मुडपली आहे.

४. बोल्ट आलटून पालटून, कंपनीच्या टॉर्कवर. कॉमन रेलमध्ये पाइप हाताने लावून ठेवा, आधी क्लॅम्प आवळा, मग पाइपचे नट. उलटं केलं तर इंजेक्टर तिरका बसतो.

५. कॉमन रेल आणि पुष्कळशा डायरेक्ट इंजेक्शनच्या नव्या इंजेक्टरांवर बारीक अक्षरांत कॅलिब्रेशन कोड असतो. बसवण्याआधीच त्याचा फोटो काढा, नंतर तो झाकला जातो. स्कॅनरने तो योग्य सिलिंडरच्या नावावर ईसीयूत भरा. जुनेच इंजेक्टर जागा बदलून लावले तरी कोडही बदलावे लागतात.

तपासा: सगळे कपलर 'टक' झाले का? रिटर्नच्या क्लिप लागल्या का? एखादी टोपी आत राहिली नाही ना?

## टप्पा ८: प्रेशर भरा, मग सेल्फ

बॅटरी आणि पंपाचा फ्यूज लावा. सेल्फ मारू नका. किल्ली ऑन करा, पंपाचा घूं आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा. असं तीन वेळा. प्रत्येक वेळी टॉर्च घेऊन ओ-रिंगची जागा बघा, नाकही वापरा. एक थेंब दिसला तरी मागे फिरा.

कॉमन रेलमध्ये हवा काढायला हाताचा प्रायमर दाबा किंवा टाकीतला पंप किल्लीने चालवा. पाइपचे नट ढिले करून हवा काढायची नाही. सेल्फ दहा सेकंदांहून जास्त नको. मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, नाहीतर स्टार्टर तापतो.

पहिल्यांदा चालू झाल्यावर थोडं धडधडणं चालतं. मिनिटभराने ते निवळायला हवं. डिझेलमध्ये इंजेक्टरच्या बुडाशी 'चुक-चुक' असा फुंकल्यासारखा आवाज आला, तर वॉशर बसलेला नाही. तसंच चालवलं तर काही आठवड्यांत तिथे डांबरासारखा काळा थर जमेल आणि पुढच्या वेळी इंजेक्टर निघणारच नाही.

## टप्पा ९: पडताळणी

इंजिन गरम झाल्यावर कोड पुसा आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. शॉर्ट आणि लाँग दोन्ही मिळून शून्याच्या आसपास, ढोबळमानाने अधिक-उणे १० टक्क्यांत असावेत. लाँग ट्रिम जुनी सवय धरून बसतो, म्हणून अर्धा तास चालवून परत बघा. आयडलिंगला अधिक पंधरा आणि रेस केल्यावर शून्य होत असेल तर हवा शिरतेय, बहुधा खालच्या ओ-रिंगपाशी. रेस केल्यावर वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. डिझेलमध्ये ईसीयूने प्रत्येक सिलिंडरच्या इंधनात केलेल्या दुरुस्तीचा आकडा स्कॅनरवर बघा. एकच सिलिंडर बाकीच्यांपासून फटकून असेल तर त्याचा कोड बरोबर भरलाय का ते आधी तपासा.

इंजिनावरचं कव्हर आज लावू नका. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी चालू करण्याआधी बॉनेट उघडून वास घ्या, रेलखाली टॉर्च मारा. थंड झाल्यावर रबर आकसतं, आणि काल सुकी असलेली ओ-रिंग आज ओली दिसू शकते. सुकं असेल तर चालू करा, पहिल्या दहा सेकंदांचा आवाज ऐका आणि मग कव्हर लावा.